तुरुंग, युद्ध आणि आपण भरलेला टॅक्स

दरवर्षी फेब्रुवारी ते एप्रिल मी शनिवारी सकाळी आमच्या गावच्या लायब्ररीत बसते. कमी उत्पन्नाच्या लोकांचे टॅक्स रिटर्न फुकट भरून द्यायचे, एवढंच काम. तेवीस वर्षं अकाउंट्समध्ये गेली, त्यामुळे हात आपोआप चालतो. आणि न्यू जर्सीत टॅक्स म्हणजे घरोघरचं दुखणं, त्यामुळे रांग कधी संपत नाही.

गेल्या सीझनला एक बाई आल्या. ओळख पटेल असं काही लिहीत नाही, लिहायचं नसतंच. साठीच्या आसपासच्या, नर्सिंग होममधली रात्रपाळी संपवून थेट आलेल्या. त्यांनी खाकी पाकिटातून आधी डब्ल्यू-टू, म्हणजे वर्षाच्या पगाराचा फॉर्म, काढला आणि मग रबर लावलेला पावत्यांचा गठ्ठा माझ्यापुढे ठेवला. मुलगा दुसऱ्या एका राज्यात तुरुंगात आहे. त्याच्या फोनच्या खात्यात भरलेले पैसे, कँटीनच्या खात्यात भरलेले पैसे. पंचवीस डॉलर, चाळीस डॉलर, पुन्हा पंचवीस. प्रत्येक पावतीच्या तळाशी वेगळी ओळ, पैसे भरण्याची फी. साबण, मोजे, नूडल्सची पाकिटं, सगळं आत विकत घ्यावं लागतं. मी सवयीने बेरीज केली. वर्षाचे सत्तावीसशेच्या वर, आणि त्यातली नुसती फीच अडीचशे.

"याला डिपेंडंट, म्हणजे माझ्यावर अवलंबून असलेला, दाखवता येईल का?" त्यांनी विचारलं.

नाही येत. ज्याला दाखवायचं त्याचा अर्ध्याहून जास्त खर्च तुम्ही उचललेला असावा लागतो. तुरुंगातल्या माणसाचा तो खर्च सरकार उचलतं, म्हणजे नियमाप्रमाणे त्याला सरकारच पोसतंय. मी समजावून सांगितलं. त्यांनी मान हलवली, पावत्यांना परत रबर लावलं. उठता उठता म्हणाल्या, "तो इराकला जाऊन आला होता. दोनदा."

त्या दिवशी घरी आल्यावर मी जेवले नाही. त्याने काय गुन्हा केला मला माहीत नाही आणि मी विचारलंही नाही. केला असेल तर शिक्षा व्हायलाच हवी. पण तेव्हापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. या देशात युद्धाला आणि तुरुंगाला पैसे कुठून आणणार, असं कधीच कुणी विचारत नाही. बाकी सगळ्याला विचारतात. शाळेत समुपदेशक नेमायचा, पैसे कुठून? लायब्ररी रविवारी उघडी ठेवायची, पैसे कुठून? आमच्या टाउनच्या बजेट मीटिंगला मी दरवर्षी जाते, हे वाक्य मला पाठ आहे.

इराकचंच घ्या. सप्टेंबर २००२ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांचे स्वतःचे आर्थिक सल्लागार लॉरेन्स लिंडसे यांनी सांगितलं की या युद्धाला १०० ते २०० अब्ज डॉलर लागतील. व्हाइट हाउसला ते आवडलं नाही. डिसेंबरमध्ये लिंडसे यांना जावं लागलं आणि लोकांना ५०-६० अब्जांचा आकडा सांगितला गेला. प्रत्यक्षात २०१४ पर्यंत खर्च ८०० अब्जांच्या वर गेला. त्यात जखमी सैनिकांचा पुढच्या चाळीस-पन्नास वर्षांचा औषधोपचार नाही, कर्जावरचं व्याज नाही. कर्ज म्हणते, कारण त्याच काळात, २००१ मध्ये आणि पुन्हा २००३ मध्ये, टॅक्स कमी केले गेले. युद्ध सुरू करायचं आणि करही कमी करायचे! माझा एखादा क्लायंट असं वागला असता तर मी त्याला बसवून खडसावलं असतं. आणि हे एकट्या बुश यांचं पाप नाही. ऑक्टोबर २००२ मध्ये सिनेटमध्ये युद्धाच्या बाजूने हात वर करणाऱ्यांत जो बायडन होते, हिलरी क्लिंटन होत्या, जॉन केरी होते. विरोधात फक्त २३ मतं पडली.

ऑडिटचं मात्र मला सगळ्यात जास्त लागतं, कारण तो माझा धंदा आहे. सरकारी खात्यांचे हिशेब नीट ठेवण्याचा कायदा १९९० चा. पेंटागॉनचं, म्हणजे संरक्षण खात्याचं, पहिलं संपूर्ण ऑडिट व्हायला २०१८ उजाडलं. त्या वर्षी नापास, आणि २०२४ पर्यंत सलग सात वर्षं नापास. ऑडिटरने लिहिलेलं मत असं की आम्ही मतच देऊ शकत नाही, कारण कागद पुरेसे नाहीत. आमच्याकडे एखाद्या कंपनीला असा शेरा मिळाला तर बँक दारात उभं करत नाही. इथे पुढच्या वर्षी बजेट वाढतं! २०२४ मध्ये अमेरिकेने लष्करावर सुमारे ९९७ अब्ज डॉलर खर्च केले, अख्ख्या जगाच्या लष्करी खर्चाच्या एक तृतीयांशाहून जास्त. हिशेब स्वच्छ करायला आता २०२८ अखेरची मुदत दिली आहे. मी छोट्या दुकानदारांना चाळीस डॉलरच्या पावतीसाठी तीन-तीनदा फोन करते हो.

तुरुंगांचंही तेच. जगाच्या लोकसंख्येतले चार टक्के लोक या देशात राहतात, पण जगातल्या कैद्यांपैकी साधारण पाचातला एक इथे आहे. हे आपोआप झालं नाही, कायदे करून झालं. १९८६ मध्ये, रेगन यांच्या काळात कायदा आला की पाच ग्रॅम क्रॅक (कोकेनचे खडे) सापडलं तर किमान पाच वर्षं. तीच शिक्षा कोकेनच्या पावडरीला व्हायला मात्र पाचशे ग्रॅम लागत. माल मुळात एकच. पण क्रॅक गरीब काळ्या वस्त्यांत विकलं जायचं आणि पावडर पैसेवाल्यांच्या पार्ट्यांत. शंभराला एक हे प्रमाण बदलून अठराला एक करायला २०१० उजाडलं. तोवर किती घरं उठली असतील! मग १९९४ चा बिल क्लिंटन यांचा गुन्हेगारीविरोधी कायदा. त्यात तुरुंग बांधायला अब्जावधी डॉलर दिले आणि त्याच कायद्याने कैद्यांची पेल ग्रँट, म्हणजे कॉलेजसाठीची सरकारी मदत, काढून घेतली. ती परत मिळायला २०२३ साल लागलं. एक पिढी गेली. २०१८ मध्ये ट्रम्प यांनी शिक्षा थोड्या कमी करणाऱ्या कायद्यावर सही केली, ते चांगलंच केलं, मी तेव्हाही म्हटलं होतं.

पण २०२५ च्या जुलैमधला कायदा बघा. एकाच कायद्यात संरक्षणाला साधारण १५० अब्ज डॉलर जादा, आणि स्थलांतरितांना डांबून ठेवायच्या केंद्रांना ४५ अब्ज. त्याच कायद्यात गरिबांच्या मेडिकेडला, म्हणजे सरकारी आरोग्यविम्याला, कात्री. त्या बाई ज्या नर्सिंग होममध्ये काम करतात, तिथल्या म्हाताऱ्या माणसांचा खर्च बहुतेक मेडिकेडवरच चालतो.

आपल्या मंडळाच्या कार्यक्रमात हा विषय काढला की हमखास ऐकू येतं, "आपला काय संबंध? आपण बरे, आपलं काम बरं." संबंध सांगते. ५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकी लष्कराचं सी-१७ विमान अमृतसरला उतरलं. आत परत पाठवलेले १०४ भारतीय, हातात बेड्या, पायात साखळ्या. युद्धासाठी घेतलेलं विमान आणि तुरुंगातल्या बेड्या. त्यात हरियाणा, गुजरात, पंजाबचे लोक जास्त होते, पण तिघं महाराष्ट्रातलेही होते. ते बेकायदा आले, मान्य. परत पाठवणं हा सरकारचा हक्क आहे, तेही मान्य. पण पायात साखळी कशाला? आणि एडिसनहून गाडी काढली तर अर्ध्या-पाऊण तासात नेवार्कच्या डेलनी हॉलपाशी पोचता येतं. तिथे आता असेच हजारभर लोक ठेवायची सोय आहे, खासगी कंपनीकडे, पंधरा वर्षांच्या करारावर.

कुणी म्हणेल, भारतात तर चारातले तीन कच्चे कैदी आहेत, आधी ते बघा. खरं आहे, आणि त्याचीही लाज वाटते. पण मी टॅक्स इथे भरते, मत इथे देते. आणि इथल्या काउंटी (जिल्ह्याच्या) जेलमध्येही बहुतेक लोक कच्चेच असतात. गुन्हा शाबित झालेला नसतो, जामिनाचे पैसे नसतात म्हणून आत.

हे बदलता येतं, आणि आपल्याच राज्यात बदललंय. २०१३ च्या एका पाहणीत दिसलं की न्यू जर्सीच्या जेलमधले १२ टक्के लोक अडीच हजार डॉलर किंवा त्याहूनही कमी जामीन भरता येत नाही म्हणून अडकलेत. अडीच हजार. आपल्यातल्या कित्येकांची भारताची तिकिटं तेवढ्याची होतात. गव्हर्नर क्रिस ख्रिस्टी रिपब्लिकन, विधिमंडळ डेमोक्रॅट, तरी दोघांनी मिळून कायदा केला. लोकांनी २०१४ मध्ये त्यासाठी राज्यघटनेतली दुरुस्ती मतदानाने मंजूर केली, आणि १ जानेवारी २०१७ पासून रोख जामीन जवळजवळ बंद झाला. खटला सुरू व्हायच्या आधीच आत असलेल्यांची संख्या २०१५ अखेरपासून तीन वर्षांत चाळीस टक्क्यांहून जास्त घटली. घाबरवणाऱ्यांनी सांगितलेलं आभाळ काही कोसळलं नाही. मी त्या दुरुस्तीला मत दिलं होतं. नागरिक झाल्यापासून दिलेल्या मतांपैकी हे मला आजही अभिमानाने सांगावंसं वाटतं.

तेव्हा यंदा तुमच्या दारात कुठल्याही पक्षाचा उमेदवार आला, तर बाकी काही विचारू नका. पेंटागॉनचं ऑडिट पास होईपर्यंत तुम्ही वाढीव पैशाला नाही म्हणाल का, एवढंच विचारा. मी दोघांना विचारलंय. एकाने विषय बदलला. दुसरीने प्रश्न लिहून घेतला आणि माझा फोन नंबरही घेतला. अजून फोन आलेला नाही.

लायब्ररीत आम्ही सहा जण आहोत आणि माणसं कमी पडतात. ट्रेनिंग जानेवारीत असतं, अकाउंट्सची पदवी लागत नाही. स्पॅनिश येत असेल तर फारच उत्तम. यायचं असेल त्यांनी इनबॉक्स करा.