जो संगणक गेला, त्याचे लॉक राहिले

वळवाच्या पावसात वीज कडाडली, प्रयोगशाळेतला एक संगणक जळाला आणि त्या दुपारपासून नमुन्यांच्या नोंदवहीत कोणालाही अक्षर लिहिता येईना. नोंद करायला बसले की पडद्यावर ‘डेटाबेस इज लॉक्ड’ एवढेच उमटे. नोंदवहीची फाइल सर्व्हरवर सुखरूप होती. परंतु तिच्यावरचे लॉक, म्हणजे एक जण लिहीत असताना इतरांना लिहू न देणारे कुलूप, जळालेल्या संगणकाच्या नावे होते आणि तो नोंद अर्ध्यावर टाकून गेला होता.

आमचा सर्व्हर एनएफएसच्या, म्हणजे नेटवर्कवरून फाइली वाटून वापरण्याच्या पद्धतीच्या, तिसऱ्या आवृत्तीवर चालतो. ही आवृत्ती १९९५ सालची. बंद पडलेला संगणक कधी ना कधी पुन्हा सुरू होईल आणि सुरू होताच ‘मी मध्यंतरी बंद पडलो होतो’ असे सर्व्हरला कळवील, या भरवशावर तिच्यातला लॉकचा सगळा कारभार चालतो. तसा निरोप आला की सर्व्हर त्याची जुनी लॉक सोडून देतो. निरोप आलाच नाही तर तो वाट पाहतो आणि त्या वाट पाहण्याला मुदत नाही. थोडक्यात, गेलेल्याने आपण गेल्याची वर्दी स्वतः येऊन द्यायची असते.

सर्व्हर सांभाळणारे गृहस्थ वयाने ज्येष्ठ, बोलायला मृदू आणि नियमाला पक्के आहेत. मी त्यांना म्हणालो, “साहेब, तो संगणक गेला. त्याचे लॉक काढून टाका.”

“गेला, हे तुम्ही म्हणता. सर्व्हरच्या लेखी तो फक्त गप्प आहे.”

“त्याचा मदरबोर्ड काळाठिक्कर पडला आहे. मी डोळ्यांनी पाहिला.”

“तुम्ही पाहिला, सर्व्हरने कुठे पाहिला? समजा, नुसती केबल निघाली असती आणि मी लॉक काढले असते. तुम्ही इकडून लिहायला लागलात, तो तिकडून जागा होऊन लिहायला लागला, मग नोंदवहीचे काय होईल?”

मुद्दा बिनतोड होता आणि म्हणूनच माझे डोके अधिक तापले. मी म्हणालो, “बरे, हे एकच लॉक काढा. जबाबदारी माझी.”

“एकच निघत नाही,” ते शांतपणे म्हणाले आणि त्यांनी मला खुर्ची दिली. लिनक्सच्या सर्व्हरवर या कामासाठी दोन खास फाइली असतात. एकीत सर्व्हरचा आयपी पत्ता लिहिला की त्या पत्त्यावरून घेतलेली यच्चयावत लॉक सुटतात. दुसरीत एखाद्या फाइल सिस्टीमचा, म्हणजे डिस्कवरच्या फाइलींच्या एका साठ्याचा, मार्ग लिहिला की तिच्यावरची सगळी सुटतात. एसटीत रुमाल टाकून उतरलेला माणूस परतला नाही, तर कंडक्टर रुमाल उचलून जागा दुसऱ्याला देतो. इथल्या कंडक्टरला एक रुमाल उचलायचा तर सगळी गाडी उठवावी लागते.

“वर लेखा विभाग बसला आहे,” ते म्हणाले. “तुमच्यासाठी त्यांची लॉक उडवू का?”

“मग सर्व्हर रीस्टार्ट करा. जे जिवंत आहेत ते आपापली लॉक परत मागून घेतील.”

“रविवारी.”

त्या दिवशी मंगळवार होता.

माझा चेहरा पाहून त्यांनी अखेर एक उपाय सुचवला. नव्या संगणकाला जुन्याचेच नाव आणि जुनाच आयपी पत्ता द्यायचा, त्याने सर्व्हरवरचे एखादे लॉक घ्यायचे आणि मग तो रीबूट करायचा. सर्व्हरला वाटेल की जुनाच परत आला. हा तोतया उभा करायला मी आनंदाने भांडार विभागात गेलो. तिथल्या बाईंनी डेडस्टॉक रजिस्टर उघडून एका ओळीवर पट्टी ठेवली आणि सांगितले, “हे नाव या यंत्राला लागले आहे. निर्लेखन झाल्याशिवाय दुसऱ्याला कसे देणार? समितीची बैठक दिवाळीनंतर आहे.”

एनएफएसच्या चौथ्या आवृत्तीने हा घोळ केव्हाच मिटवला आहे. तिच्यात लॉक मुदतीवर मिळते. लिनक्सवर ही मुदत सहसा ९० सेकंदांची असते आणि तेवढ्या वेळात संगणकाने आपण हयात असल्याचे कळवले नाही, तर सर्व्हरला लॉक काढून घेता येते. २००३ सालच्या तपशिलात हे सगळे लिहिलेले आहे. आपल्याकडे ती का नाही, असे विचारल्यावर “चालले आहे ते कशाला हलवा” हे उत्तर मला मिळाले, तेही काहीच चालत नसताना. स्वागतकक्षातले कारंजे मात्र या वर्षी दुसऱ्यांदा बदलून झाले आहे.

शेवटी आमच्याकडच्या प्रशिक्षणार्थी मुलीने सगळ्यांना नोंदवही बंद करायला लावली, मूळ फाइलचे नाव बदलले आणि तिची प्रत जुन्या नावाने ठेवली. लॉक फाइलच्या नावाला नव्हे तर मूळ फाइललाच चिकटलेले असते, त्यामुळे प्रत मोकळी होती. अर्धवट नोंदही शेजारच्या जर्नल फाइलच्या, म्हणजे बदलाआधीचा मजकूर जपून ठेवणाऱ्या फाइलच्या, आधाराने आपोआप मागे घेतली गेली. चहा थंड व्हायच्या आत काम झाले.

सर्व्हरवाल्या गृहस्थांना हे कळताच ते जातीने खाली आले. जुनी फाइल पुसलीत की काय, हा त्यांचा पहिला प्रश्न होता, कारण तिच्यावर अजून एकाचे लॉक आहे. ती पुसलेली नाही. रविवारचा रीस्टार्ट लेखा विभागाच्या विनंतीवरून पुढे ढकलण्यात आला आहे.