कोथरूडच्या सदनिकेतील गळतीबाबत आपण केलेल्या तक्रारीस उत्तर

माननीय महोदय,

सप्रेम नमस्कार. आपण आम्हाला एक तारा देऊन लिहिलेला अभिप्राय वाचला. आमच्याकडील कामाची वही, बिल आणि त्या दिवशीची छायाचित्रे समोर ठेवूनच हे उत्तर लिहीत आहे. आपली तक्रार थोडक्यात अशी आहे : आमचा माणूस ठरल्यापेक्षा दोन दिवस उशिरा आला, दिवसभर पाणी बंद राहिले, भिंत फोडून १३,८०० रुपये घेतले आणि तरीही बाराव्या दिवशी खालच्या सदनिकेच्या छताला पुन्हा ओल आली. नवीन टाईल्स जुन्यांशी जुळत नाहीत, रविवारी फोन उचलला गेला नाही आणि शेवटी दुसऱ्या प्लंबरकडून न्हाणी ट्रॅपचे (बाथरूमच्या फरशीतील सांडपाण्याच्या जाळीखालच्या भांड्याचे) काम करून घ्यावे लागले, असेही आपण लिहिले आहे. आमचे पहिले काम मुळात अनावश्यक होते, असे त्या प्लंबरचे मत आपण शेवटी नोंदवले आहे.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण तो मला मान्य नाही. गीझरपासून मिक्सरपर्यंत (गरम-थंड पाण्याच्या नळापर्यंत) जाणारी गरम पाण्याची लाइन इमारत बांधली तेव्हापासूनची जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाइपची होती आणि भिंत फोडल्यावर तिच्या एल्बोला (वळणाच्या जोडाला) खालच्या अंगाने टाचणी जाईल एवढे भोक सापडले. बोअरचे जड पाणी वर्षानुवर्षे खेळलेल्या जीआय पाइपात आतून क्षार आणि गंज इतका साठतो की पाऊण इंची पाइपातून पेन्सिलही जात नाही. आपल्या पाइपाची स्थिती याहून फारशी वेगळी नव्हती. तो एल्बो आजही आमच्या दुकानात ठेवलेला आहे. पुण्यात आलात तर अवश्य पाहावा. त्या जागी आम्ही सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाण्याला चालणारा प्लास्टिकचा पाइप टाकला, मिक्सरच्या तोंडाशी पितळी फिटिंग बसवले आणि टाईल लावण्यापूर्वी हातपंपाने लाइनवर ५ किलो (दर चौरस सेंटिमीटरला) दाब देऊन तो दोन तास धरला. काटा हलला नाही. गच्चीवरील टाकीपासून तिसऱ्या मजल्यापर्यंत प्रत्यक्षात एक किलोसुद्धा दाब येत नाही, हे लक्षात घेतले तर ती लाइन आज गळत असण्याची शक्यता मला दिसत नाही.

आणि तरीही आपली मूळ तक्रार खरी आहे. गळती दोन ठिकाणी होती. आम्हाला एक सापडली आणि तिथेच आम्ही थांबलो.

आपण नाशिकला राहता, त्यामुळे कामाचे सगळे बोलणे आपल्याशी फोनवर झाले. बाथरूम मात्र रोज वापरतात त्या आपल्या भाडेकरू ताई. चौदाव्या दिवशी मी स्वतः पाहणीला गेलो तेव्हा त्या दारातच म्हणाल्या, "मी तुमच्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, सकाळी आमच्या तिघांच्या अंघोळी झाल्या की खालच्या काकू वर येतात. गावाला गेलो होतो ते चार दिवस काही तक्रार नव्हती." आमच्या वहीत यातला एकही शब्द नाही. त्या जागी "मालकांच्या सांगण्यानुसार गीझर लाइन तपासणे" एवढीच नोंद आहे.

आमच्या धंद्यात याहून मोलाची माहिती मिळत नाही. नळाच्या लाइनमध्ये पाणी चोवीस तास दाबाखाली उभे असते. ती फुटली तर घरात माणूस असो वा नसो, गळतच राहते. अंघोळीनंतर वाढणारी आणि घर बंद असताना ओसरणारी ओल बहुतेक वेळा सांडपाण्याच्या बाजूची असते, म्हणजे न्हाणी ट्रॅपचा सांधा तरी सुटलेला असतो किंवा त्याच्याभोवतीचे वॉटरप्रूफिंग तरी गेलेले असते. दोन्ही दोष एकाच बाथरूममध्ये असू शकतात, तसे ते आपल्याकडे होतेच. पण हे वाक्य ऐकल्यावर ट्रॅपचे तोंड बंद करून, फरशीवर दोन इंच पाणी रात्रभर धरून, खालच्या छतावरील डागाभोवती खडूने रेघ मारून सकाळी पाहणे हे आमचे कामच होते. घरात बाथरूम एकच, म्हणून आमच्या माणसाने ही चाचणी टाळली. ताईंना विचारले असते तर त्यांनी एक रात्र सोय केली असती, असे त्यांनीच मला सांगितले.

गळती थांबल्यावरही फरशीखालच्या कोब्यात मुरलेले पाणी पुढे काही आठवडे झिरपत राहते, त्यामुळे बाराव्या दिवशी ओल दिसणे हा एरवी आमच्या कामाविरुद्धचा पुरावा ठरत नाही. फोनवर आमच्या माणसाने आपल्याला हेच सांगितले. मात्र खाली जाऊन पाहिले तेव्हा डाग जुन्या कडेच्या वीतभर पुढे सरकलेला होता. वाळणारा डाग पसरत नाही. ते उत्तर न पाहता दिलेले होते, याबद्दल मी आपली क्षमा मागतो.

उशिराबद्दलही चूक आमची आहे. आधीचे काम लांबल्याचा निरोप आम्ही आपल्याला दिला, पण भाडेकरू ताईंना दिला नाही आणि त्यांची एक रजा फुकट गेली. पाणी दिवसभर बंद राहिले कारण बाथरूममधील जुना कॉक जाम होता आणि गच्चीवरचा व्हॉल्व्ह बंद करावा लागला. हे आदल्या दिवशी पाहून ठेवता आले असते. रविवारी आमचे दुकान बंद असते, पण गळतीला रविवार कळत नाही, हे आपले म्हणणे रास्त आहे.

टाईल्सबाबत मात्र थोडे सांगणे भाग आहे. आपल्या भिंतीवरील आठ बाय बाराच्या, फिकट निळी रेघ असलेल्या टाईल्स आता बाजारात येत नाहीत. तीन दुकाने फिरून आम्ही आपल्याला नमुन्यांची छायाचित्रे पाठवली होती आणि आपला होकार आल्यावरच काम पुढे नेले. तो संवाद आपल्या फोनवरही असेल. मी तो इथे उघड करणार नाही. हा खर्च गृहनिर्माण संस्थेचा होता आणि आम्ही ते सांगितले नाही, असेही आपण म्हणता. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार (नमुना नियमांनुसार) सदनिकेच्या आतील संडास-बाथरूममुळे होणाऱ्या गळतीचा खर्च त्या सदस्याचा असतो, त्यामुळे सचिवांनी आपल्याला दिलेले उत्तर बरोबर आहे.

आता पैशांविषयी. बिलात सामानाचे ४,३५०, लाइनच्या मजुरीचे ६,२०० आणि टाईल्स बसवण्याचे ३,२५० रुपये आहेत. लाइनचे काम खरोखर करावे लागले, म्हणून पहिल्या दोन रकमा मी परत करत नाही. पण ट्रॅपसाठी दुसऱ्या प्लंबरला भिंतीच्या खालच्या टाईल्स पुन्हा काढाव्या लागल्या; दोन्ही दोष आम्ही एकाच वेळी शोधले असते तर हे काम दोनदा झाले नसते. मी स्वतः ट्रॅपसाठी आपल्याला ९,५०० रुपये सांगितले तेव्हाही हा विचार करायला हवा होता, तो केला नाही. ते ३,२५० रुपये येत्या सोमवारी, आपण ज्या खात्यातून पाठवले त्याच खात्यात जमा करत आहे. खालच्या सदनिकेतील डागाचा जो भाग आमच्या कामानंतर वाढला, त्याच्या रंगाचा खर्चही आमचा राहील; रंगाऱ्याचे बिल पाठवावे.

फक्त तो रंग इतक्यात लावू नये अशी विनंती आहे. ट्रॅपच्या नव्या कामावर चोवीस तास पाणी धरून चाचणी झाली होती का, हे आपल्या प्लंबरला विचारून घ्यावे आणि खालचे छत हाताला पूर्ण कोरडे लागेपर्यंत थांबावे, नाहीतर महिन्याभरात रंगाला फोड येतील. खालच्या काकूंकडे मी खडूची एक नवी रेघ मारून, तिच्याशेजारी तारीख लिहून ठेवली आहे. डाग त्या रेघेबाहेर गेला तर आपण किंवा भाडेकरू ताईंनी, रविवार असला तरी, थेट मला फोन करावा; पाहणीचे पैसे घेतले जाणार नाहीत.

आपला नम्र,
दुकानाचा मालक