पाच वेळा विचारू दे, नाहीतर पन्नास वेळा

आज संध्याकाळी फॅमिली ग्रुपवर भाच्याने टाकलं, "उद्या आईचं ऑपरेशन, आणि सकाळपासून पाच जण विचारून गेले, कुठला गुडघा? यांनाच माहीत नाही तर कापणार काय!" खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. त्यावर वहिनींनी लिहिलं, डॉक्टरांनी गुडघ्याच्या वर पेनाने बाण काढला होता, बघायला येणाऱ्यांसमोर कसंतरी वाटलं म्हणून ओल्या टॉवेलने पुसून टाकला.

वाचून पोटात गोळा आला. ३१ वर्षं ओटी सिस्टर, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधली नर्स, होते मी. घरच्या ग्रुपवर वाद नको म्हणून इथे लिहितेय.

अरे, माहीत नसतं म्हणून नाही विचारत! वहिनींचे दोन्ही गुडघे सुजलेले, दोन्ही वाकडे. उद्या भूल दिली की त्या बोलणार नाहीत, वरून हिरव्या चादरी पडल्या की माणूस दिसतच नाही, दिसतो तो फक्त एक पाय. एक्सरे उलटा लावला की डाव्याचं उजवं होतं. एका वॉर्डात दोन सुमनताई असतात. "तुम्ही सुमनताई ना?" विचारलं की कमी ऐकू येणारी आजी कशालाही मान डोलावते. म्हणून "तुमचं नाव सांगा" असंच विचारायचं असतं. आणि बाणच काढायचा, फुली नाही, कारण फुलीचा अर्थ "इथे नको" असाही होतो. हे सगळं कुणाच्या तरी चुकीच्या पायावर सुरी चालल्यानंतर शहाणपण आलं म्हणून ठरलंय.

माझं सांगते. रात्री अडीचचं सिझर. बाई पहिलटकरीण, रक्तस्राव थांबेना, सगळ्यांची धावपळ. शेवटी थांबला. सर पोट बंद करायला लागले, मी मॉप मोजले, म्हणजे आतलं रक्त टिपायला वापरतात ते कापडाचे तुकडे. पाचाची तीन बंडलं घेतली होती, म्हणजे १५. भरले १४. परत मोजले. १४.

"सर, एक कमी आहे."

"मी पोट बघितलंय. काही नाही. नीडल होल्डर दे."

नीडल होल्डर, म्हणजे टाके घालायची सुई धरायचा चिमटा, माझ्या हातात होता. मी दिला नाही.

ज्यांनी ओटी बघितली नाही त्यांना कळणार नाही हे काय असतं. सर ओरडत होते, भूल देणाऱ्या मॅडम घड्याळाकडे बघत होत्या, आणि मी पंचविशीतली पोरगी. रक्तात भिजलेला मॉप आतड्यांच्या घडीत दिसत नाही हो. रंग तोच, मऊपणा तोच. म्हणून तर डोळ्यांवर नाही, आकड्यावर भरवसा ठेवायचा. त्याला एक्सरेत दिसणारा दोरा असतो, पण एक्सरे काढावा असं कुणाला तरी वाटलं पाहिजे ना. कागदावर काउंट बरोबर लिहिलेला आणि मॉप आत, असं कितीतरी वेळा झालंय.

मान्य करते, पेशंटला उगाच जास्त वेळ भुलीखाली ठेवणं चांगलं नाही. सर त्या बाबतीत खोटं बोलत नव्हते.

औरंगाबादच्या सरकारी हॉस्पिटलात १९६३ साली एका बाळंतिणीचं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालं. मॉप आत राहिला. पोटात पू झाला, दुसऱ्या डॉक्टरांनी पोट उघडलं तेव्हा सापडला. पहिल्या ऑपरेशननंतर ११ दिवसांनी ती गेली. नवरा कोर्टात लढत राहिला, सुप्रीम कोर्टाचा निकाल १९९६ साली लागला. ३६ हजार रुपये. तिचं तान्हं बाळ तोवर ३२ वर्षांचं झालं असेल. मॉप मोजायला दोन मिनिटं लागतात. दोन मिनिटं!

आणि मोजायचं, विचारायचं कसं हे काही गुपित नाही. २००८ साली जागतिक आरोग्य संघटनेने एका पानाची यादी दिली, १९ मुद्द्यांची. भुलीआधी थांबा, कापण्याआधी थांबा, पेशंट बाहेर नेण्याआधी थांबा. त्या कामाचे प्रमुख होते डॉ. अतुल गवांदे, त्यांचे वडील आपल्या विदर्भातल्या उटी गावचे. आपल्याकडे या कागदाचं काय होतं, ते मी डोळ्यांनी बघितलंय. ऑपरेशन संपल्यावर चहा पिता पिता कुणीतरी १९ खुणा एका दमात मारतं. फाइल पूर्ण. चीड येते मला. सगळीकडे असं नसतं, चांगली हॉस्पिटलं आहेत, ठीक आहे. पण ज्या पोटात मॉप राहतो ते पोट एकाच बाईचं असतं.

त्या रात्री काय झालं विचाराल. सरांनी शेवटी शिव्या घालत परत हात घातला. पोटात काही नव्हतं. मावशींनी कचऱ्याची बादली उपसली, मामांनी टेबलाखाली बघितलं. ११ मिनिटांनी मावशींनाच सापडला, बाळाला गुंडाळलेल्या कपड्यात. बाळ पुसताना त्याच्याबरोबर गेला होता. सर म्हणाले, "बघ, सांगितलं होतं ना." आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मी ड्रेसिंग रूममध्ये जाऊन रडले.

पण परत तशी वेळ आली तर परत नाही देणार नीडल होल्डर. बरोबर तेच होते, तरीही नाही देणार.

भाच्यावर राग नाही माझा. आईची काळजी आहे, म्हणून थट्टा सुचते. वहिनींना आत्ता फोन केला. म्हटलं, वहिनी, बाण परत काढून घ्या, डॉक्टरांनाच बोलवा, स्वतः नका काढू. उद्या आत नेताना कुणी विचारलं तर नुसतं "उजवा" म्हणू नका, हात लावून दाखवा. सहाव्यांदा विचारलं तरी दाखवा. "बरं बाई," म्हणाल्या.

दहा मिनिटांपूर्वी त्यांनी फोटो पाठवलाय. उजवा पाय, गुडघ्याच्या वर बाण, टोक खाली. मी मोठा करून दोनदा बघितला.