कमेंट उडवून काय साधलं?

खाण्याच्या पाकिटात काही खराब निघाल्याचा व्हिडिओ पसरला, तर ‘चौकशी पूर्ण होईपर्यंत कंपनीने चकार शब्द काढू नये’ असं एका लेखात वाचलं; ते मत काही पटलं नाही. प्रयोगशाळेचा अहवाल यायला दिवस जातात, तोवर व्हिडिओ गावभर झालेला असतो. आमच्या इंदूरात एका नमकीनवाल्याच्या पाकिटात अळी निघाल्याचा व्हिडिओ फिरला. मालकांनी पेजवरच्या कमेंटच उडवल्या. मग उडवलेल्या कमेंटचे स्क्रीनशॉट शहरभर, राजवाड्यापासून विजयनगरपर्यंत पोचले. लोक साधं विचारत होते, बॅच नंबर कोणता, पाकीट परत कुठे द्यायचं? उत्तर सगळ्यांना एकच चिकटवलेलं: ‘आम्ही गुणवत्तेशी तडजोड करत नाही.’

२००९ मध्ये अमेरिकेत डॉमिनोजच्या दोन कर्मचाऱ्यांनी किळसवाणा व्हिडिओ यूट्यूबवर टाकला, तेव्हा कंपनीच्या अध्यक्षांनी यूट्यूबवरच येऊन माफी मागितली. उशीर झालाच, पण बोलले तिथेच.

वकिलाला विचारा जरूर, फक्त पहिलं निवेदन त्याला लिहायला देऊ नका. ‘तपास चालू आहे, अमुक बॅच दुकानांतून काढली, संध्याकाळी ६ ला पुन्हा सांगतो’ एवढं काउंटरवरचा पोरगाही लिहील. आणि ६ ला खरंच सांगा, नवं काही कळलं नसलं तरी.