मागच्या सीटवरनं गगनबावडा

जुलै लागला की कोल्हापुरातल्या नव्या जोड्यांचा रविवार ठरलेला असतो. रंकाळ्यावरची भेळ झाली, पन्हाळ्याची झुणका-भाकरी झाली, आता गगनबावडा. पंचावन्न किलोमीटर, वाटेत चहा, वर धुकं, चार फोटो आणि दिवेलागणीला घरात. बेत झकासच आहे. पण बेत आखणार हँडलवरचा आणि भोगणार मागचा, इथंच सगळं बिनसतं असं माझं स्पष्ट मत आहे. पुढच्याला खड्डा आधी दिसतो, तो अंग सावरून घेतो. मागच्याला खड्डा कळतो तो थेट कमरेत. (मागची म्हणत नाही, कारण वहिनी चालवतात आणि दाजी मागं बसतात अशा जोड्या आता आपल्याकडं भरपूर आहेत.) तेव्हा हवा, वेळ, वाट, थांबे, सगळं मागच्या सीटवरनं मोजा.

पहिली हवा. पंपावर पोरगा विचारतो, "किती मारू?" आणि आपण म्हणतो, "मार की नेहमीची." नेहमीची म्हणजे एकट्यानं ऑफिसला जायची. गाडीवर चेनकव्हरजवळ किंवा मागच्या चाकाच्या वर एक स्टिकर असतं. त्यावर मागच्या चाकाचे दोन आकडे असतात, एक एकट्याचा, एक जोडीचा. बऱ्याच ११० सीसी स्कूटरवर ते २९ आणि ३६ पीएसआयच्या आसपास आहेत (पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचं माप). पुढच्या चाकाचा आकडा बहुधा एकच. तुमच्या गाडीवर काय लिहिलंय ते वाचा, माझ्यावर जाऊ नका. आणि हे आकडे थंड टायरचे आहेत. वीस किलोमीटर पळून आलेल्या टायरमध्ये हवा दोन-तीन पीएसआय जास्त दाखवते, ती "जास्त झाली" म्हणून सोडायची नाही. घराजवळच्याच पंपावर, निघताना भरायची.

सात पीएसआयनं काय फरक पडतो? दोघं आणि सामान मिळून सव्वाशे-दीडशे किलो भरतात आणि त्यातला मोठा वाटा मागच्या चाकावर येतो. हवा कमी असली की खड्ड्यात टायर रिमपर्यंत दबतो. ट्यूब असेल तर रिम आणि टायरच्या कात्रीत सापडून तिला शेजारी शेजारी दोन चिरा पडतात, साप चावल्यासारख्या. मग लोक म्हणतात, खिळा तर कुठंच नाही, पंक्चर झाली कशी? अशी झाली. त्यात पावसात ओला टायर काच आणि अणकुचीदार खडी सहज आत घेतो, आणि पाण्यानं वाहून आलेली ही सगळी घाण साठते रस्त्याच्या कडेला. म्हणजे मागून ट्रक आला म्हणून आपण जिथं उतरतो, बरोब्बर तिथं.

मागचं चाक डुलायला लागलं, गाडी शेपूट हलवल्यासारखी करायला लागली की ब्रेक दाबू नका. थ्रॉटल सोडा, गाडी सरळ ठेवून हळूहळू कडेला घ्या. आणि मागच्यानं उतरायचंच. "पुढं दुकान आहे, बस तशीच" म्हणून ट्यूबच्या टायरवर दोघांनी दोन किलोमीटर काढले की टायर रिमवर सरकतो, ट्यूब त्याच्याबरोबर फिरते आणि व्हॉल्व्ह मुळातनं तुटतो. मग पंक्चर नाही, नवी ट्यूब.

ट्यूबलेस असेल तर जिवाला आराम. खिळा दिसला म्हणून लगेच उपटू नका. हवा हळू जात असेल तर तो खिळाच बूच आहे. हवा भरा आणि पुढच्या गावातल्या दुकानापर्यंत जा. दुकान लांब असेल आणि हवा भराभर जात असेल तरच पंक्चरचं किट काढा. खरखरीत टोचा, नेढं असलेली सुई, चार-पाच स्ट्रिप (भोक बुजवायच्या रबरी पट्ट्या), पकड आणि पायानं मारायचा छोटा पंप, एवढं सगळं सीटखाली मावतं. गाडी मेन स्टँडवर घ्या, वळणावर अजिबात नको. आधी फडक्यानं जागा कोरडी करा. खिळा ज्या कोनात घुसलाय तो बघून ठेवा, मगच पकडीनं ओढा. त्याच कोनात टोचा आठ-दहा वेळा आत-बाहेर करा, म्हणजे भोक खरखरीत होऊन स्ट्रिप धरून बसते. इथं लोक आळस करतात आणि मग स्ट्रिप दहा किलोमीटरवर बाहेर येते. स्ट्रिप सुईत मधोमध ओवा, जोर लावून आत लोटा, दोन्ही टोकं अर्धा इंच बाहेर राहिली की थांबा आणि सुई एका झटक्यात ओढा. हळू ओढली तर स्ट्रिपही बाहेर येते. हवा भरून वर पाणी टाका, बुडबुडे नाहीत ना बघा, मग टोकं थोडी राखून कापा. चीर टायरच्या बाजूच्या भिंतीला असेल तर या सगळ्या खटाटोपाचा उपयोग नाही, टेम्पो बोलवा.

आता ज्यावर लोक चिडतात ते बोलतो. साडी गार्ड. नवी मोटरसायकल शोरूममधनं आली की दुसऱ्या आठवड्यात पोरं ते काढून टाकतात, लूक जातो म्हणून. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ वा नियम काय म्हणतो? मागच्याला धरायला हँडग्रिप, पाय ठेवायला फुटरेस्ट, आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकेल असा, कपडा अडकू न देणारा आडोसा, म्हणजेच साडी गार्ड. ते तुम्ही पाना घेऊन स्वतःच्या हातानं काढताय. ओढणीचं टोक आऱ्यांत किंवा चेनमध्ये गेलं की ओरडायलाही वेळ मिळत नाही, गळ्याभोवतीचा वेढा आवळला जातो. म्हणून निघताना ओढणी गळ्यातनं काढून डिकीत. साडी असेल तर पदर खोचलेला आणि त्यावर अंगाबरोबर बसणारं जर्किन. घाटात जाणार असाल तर एका बाजूला पाय सोडून बसायचं नाही. सगळं वजन डावीकडं झुकतं, चालवणारा नकळत उजवीकडं तोलत राहतो आणि डाव्या वळणावर गाडी त्याला नको तितकी आत पडते. पॅन्ट किंवा सलवार घालून दोन्हीकडं पाय टाकून बसणं, एवढाच त्यावर इलाज.

रेनकोटचंही तसंच. टपरीवर शंभर-दीडशेला मिळणारा अंगरखा, ज्याला पोंचो म्हणतात, तो वाऱ्यानं फुगतो, मागचा लाल दिवा झाकतो आणि चाकात जातो. शर्ट-पॅन्ट असा दोन भागांचाच घ्या, आणि मागच्याचाही तितक्याच दर्जाचा. चांगला रेनकोट चालवणाऱ्याला आणि जुना फाटका मागच्याला, हा कोल्हापूरचा अलिखित रिवाज दिसतो. हेल्मेटचंही तेच. कायद्यानं ते दोघांना लागतं, डोकी दोन आहेत. काचेवर वाफ धरते त्यासाठी आतनं भांड्याच्या साबणाचा एक थेंब कोरड्या फडक्यानं पुसून घ्या आणि काच एक खाच उघडी ठेवा.

सॅक मागच्याच्या पाठीवर द्यायची असेल तर पट्टे इतके सैल करा की सॅकचं बूड सीटवर टेकेल. नाहीतर पाच किलोची सॅक दर चढाला त्या माणसाला मागं ओढत राहते आणि वाटेतल्या कळे गावापर्यंतच खांदे भरून येतात.

वेळ. पावसात दोघांनी स्कूटरवर सरासरी ताशी पस्तीसच्या वर धरू नका. म्हणजे जायला दीड तास आणि थांबे वेगळे. सकाळी सातला निघाला तर साडेनऊला वर, गर्दीच्या आधी. अकराला अंघोळ करून निघणाऱ्यांना वर पोचायला दीड-दोन वाजतात आणि मग परतीची घाई. जुलैत सूर्य सव्वासातच्या आसपास मावळत असला तरी धुक्यात पाचलाच अंधारून येतं. चारला खाली निघायचं.

आणि ज्याबद्दल कुणी बोलत नाही ते. बायकांनी जायचं कुठं? पुरुष झाडामागं जातो आणि "झालं, चला" म्हणतो. मग बाई सकाळपासून पाणीच पीत नाही आणि दुपारी डोकं धरून बसते, वर हे विचारणार, "मूड का नाही?" निघायच्या आधी थांबे ठरवा. पेट्रोल पंपावरचं स्वच्छतागृह मागायला लाजायचं कारण नाही, ते गिऱ्हाइकांसाठीच असतं. एसटी स्टँड, बऱ्यापैकी हॉटेल, जिथं चहा घ्याल तिथं आधी हे बघा आणि मग चहा. पाऊण तासाला एकदा थांबलंच पाहिजे. हा वेळ फुकट जात नाही, ब्रेकही तेवढ्यात गार होतात.

ब्रेकवरनं घाट. गगनबावड्याच्या पुढं करूळ किंवा भुईबावडा घाटात धबधब्यासाठी खाली उतरण्याचा मोह होतो. मोटरसायकलवाल्यानं ज्या गिअरवर चढला असता त्याच गिअरवर उतरायचं, दुसऱ्या-तिसऱ्यावर. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल टाकून, इंजिन बंद करून गाडी सोडणारे महाभाग आहेत. त्यांना दंडवत. स्कूटरची गंमत वेगळी आहे. थ्रॉटल पूर्ण सोडून वेग कमी झाला की तिचा क्लच सुटतो आणि गाडी उतारावर मोकळी पळायला लागते. मग माणूस ब्रेक सतत धरून ठेवतो. ब्रेकचा ड्रम तापतो, त्यातले लायनर धरेनासे होतात आणि लिव्हर दाबला तरी गाडी थांबत नाही. उपाय सोपा आहे. दोन्ही ब्रेक मिळून दाबा, वेग पुरता उतरवा, सोडा, पुन्हा दाबा. मध्येच किंचित थ्रॉटल देऊन सोडलात तर क्लच परत धरतो आणि इंजिनाची थोडी ओढ मिळते. जळका वास आला तर थांबून पंधरा-वीस मिनिटं गार होऊ द्या, तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नका. हा वास मागच्याला आधी येतो, त्यानं सांगितलं की "काही नाही गं" म्हणायचं नाही.

धुक्यात डिम लाइट. अप्परचा उजेड धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांत येतो. फोटोसाठी थांबायचं तर गाडी डांबराच्या पूर्ण बाहेर. अर्धी आत अर्धी बाहेर उभी केलेली गाडी मागनं येणाऱ्या एसटीला दिसतच नाही.

पुराचं तर वेगळं सांगायला नको होतं, पण दरवर्षी सांगावं लागतं. निघायच्या दिवशी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघा. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, हे इथल्या शाळकरी पोराला पाठ असतं. पण नुसत्या पंचगंगेवर विसंबू नका. गगनबावड्याच्या वाटेवर मांडुकलीजवळ कुंभी नदीचं पाणी रस्त्यावर येतं, आणि सकाळी कोरडा असलेला रस्ता दुपारी बंद होतो. वर अडकला तर मुक्काम करा, घरी फोन करा. पन्हाळ्याकडं रेडेडोह फुटला, म्हणजे पुराचं पाणी तिथं पात्राबाहेर पडलं म्हटलं की तिकडचाही विषय संपला. वाहत्या पाण्यात गाडी घालायचीच नाही, गुडघ्याएवढं पाणी दोघांसकट गाडी ओढून नेतं. साचलेल्या पाण्यातनं चुकून गेलात आणि गाडी बंद पडली तर बटण मारत बसू नका. इंजिनात पाणी गेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि खर्च हजारांत जातो. ढकलत कोरड्यात आणा आणि मेकॅनिकला प्लग काढून बघू द्या. पाणी पार झालं असेल तर पुढचा अर्धा किलोमीटर ब्रेक हलके दाबत जा, म्हणजे लायनर सुकतात.

एवढं सगळं नको असेल तर एसटी आहे. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, म्हणजे जोडीचा हिशेब दीड तिकिटात. खिडकीतनं धुकं दोघांनाही सारखंच दिसतं. यात मला कमीपणा वाटत नाही, पोरांना का वाटतो कळत नाही.

दिवाळीनंतर पाऊस नसतो, पण उसाचे ट्रॅक्टर असतात. मागं दोन-दोन ट्रॉल्या, दिवा नाही, रिफ्लेक्टर उसात बुडालेला, आणि वर गाणं एवढं मोठं की तुमचा हॉर्न त्याला जन्मात ऐकू जायचा नाही. अंधारात रस्त्यावर काळा ठिपका दिसला की ती ट्रॉली समजायची. सांडलेल्या पाचटावर ब्रेक मारायचा नाही, गाडी कुशीवर जाते. गुऱ्हाळावर ताजी काकवी खायला जायचं तर सकाळी जा, उजेडात परत या.

परत आल्यावर चेनला तेल. पावसानं ते धुऊन गेलेलं असतं आणि सोमवारी चेन करकर करते. ताण बघायचा तो मेन स्टँडवर, बहुतेक साध्या मोटरसायकलींना दोन ते तीन सेंटिमीटर ढिली लागते. फार ताणून ठेवली तर पुढच्या रविवारी दोघं बसल्यावर आणखी ताणते. बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि तासाभरानं बदला. दोन्ही जोडांत.