आत्याची नाणी आणि घरभर सराफ

चांदी किलोला लाखाच्या वर गेली आणि आमच्या लातुरात घरोघरी सराफ तयार झाले. आत्यानं ट्रंकेतून गाठोडं काढलं, त्यात निजामाचे चारमिनारवाले हाली रुपये, थोडे इंग्रजांचे राणीछाप कलदार आणि ९९९ (म्हणजे ९९.९ टक्के शुद्ध) छापलेलं दहा ग्रॅमचं चकचकीत लक्ष्मीचं नाणं, अन् म्हणाली, "बघा रे, ह्यात खोटं कोणतं." झालं, अख्खं घर कामाला लागलं.

चुलत भावानं जुन्या स्पीकरचं चुंबक आणलं, चिकटेना म्हणून लगेच जाहीर, चांदीच! अरे बाबा, तांबं-पितळ पण चिकटत नाही, जर्मन सिल्व्हर पण नाही, ज्यात चांदी फक्त नावात असते, आत तांबं, निकेल न् जस्त. काकूनं बर्फ ठेवला. चांदीवर तो लवकर वितळतो हे खरंय, पण तांब्यावर पण जवळजवळ तसाच वितळतो, आणि मे महिन्यात लातुरात बर्फ लाकडी पाटावर तरी कुठं थांबतो? काका शहाबादी फरशीवर एकेक रुपया वाजवून डोळे मिटून दाद देत बसले.

शेवटी मी ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा काढला. त्यावर पाण्याचा ग्लास, काटा शून्यावर, नाणं दोऱ्यानं पाण्यात लोंबतं सोडायचं, तळाला टेकू द्यायचं नाही. काटा दाखवेल त्या आकड्यानं कोरड्या वजनाला भागलं की घनता, शुद्ध चांदीची १०.४९. काका म्हणाले, "२०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलेलं गाव हाय हे, तू नाणी बुडवायलास व्हय?"

हाली रुपया १०.२ च्या आसपास आला. भाऊ ओरडला, "नकली!" आत्या भडकलीच, "सासूबाईनं रझाकाराच्या टायमाला चुलीखाली पुरून ठेवलेले हायत ते!" आता निजामाच्या टांकसाळीत रुपयात चांदीच ८१.८ टक्के, म्हणजे आकडा बरोबरच होता (राणीछापात ९१.७ असते). तर आत्या म्हणते, "म्हंजी निजामानंच मारली व्हय?"

मग लक्ष्मी बुडवली. दहा ग्रॅमला काट्यावर ०.९५ यायला पाहिजे होतं (१० भागिले १०.४९), आलं १.१६, म्हणजे शुद्ध चांदी नव्हेच. काकांचं वाजवणं थांबलं. आत्याला मात्र कुणी दिलं ते आठवायला सेकंद लागला नाही, भाऊबीजेची ओवाळणी, आणि देणारे आमचे वडील समोरच चहा पीत बसलेले.

"अक्का," वडील म्हणाले, "माणसानं भावना बघावी."

"बघितली की रे," आत्या म्हणाली, "एक पॉइंट सोळा निघाली."