मोठ्या किलोअँपिअरच्या भरवशावर सर्ज प्रोटेक्टर निवडू नका

“किलोअँपिअरचा आकडा सर्वांत मोठा असलेला सर्ज प्रोटेक्टर मुख्य बोर्डात बसवा, मग वीज पडो वा व्होल्टेज वाढो, सगळी उपकरणे सुरक्षित” असा सल्ला सर्रास फिरत असतो. सर्ज म्हणजे व्होल्टेजची क्षणिक उसळी, आणि प्रोटेक्टर ती उपकरणांपर्यंत पोहोचण्याआधी जमिनीकडे वळवतो. त्यावर विसंबणाऱ्यांचे नुकसान होऊ शकते, म्हणून त्यातला प्रत्येक दावा तपासणे मला आवश्यक वाटते.

पहिला दावा मोठ्या आकड्याचा, म्हणजे प्रोटेक्टर सर्जचा किती प्रवाह पेलू शकतो याचा. हा आकडा कोणत्या तरंगाच्या चाचणीतून आला, हे कळल्याशिवाय त्याला अर्थ नाही. तारांमधून येणाऱ्या सर्जसाठीच्या टाइप २ प्रोटेक्टरची चाचणी ८/२० मायक्रोसेकंदाच्या, तर थेट विजेचा प्रवाह पेलणाऱ्या टाइप १ ची १०/३५० मायक्रोसेकंदाच्या तरंगाने होते (पहिला आकडा तरंग शिखरावर जाण्याचा, दुसरा तो निम्म्यावर उतरण्याचा वेळ). ४० किलोअँपिअरच्या ८/२० तरंगातून एक कुलंबही (विद्युतभाराचे एकक) विद्युतभार वाहत नाही, १२.५ किलोअँपिअरच्या १०/३५० तरंगातून मात्र सुमारे सहा कुलंब वाहतो. म्हणून इमारतीवर आकाशातून पडणारी वीज जमिनीत नेणारा वीजवाहक बसवलेला असेल, तर ‘४०’ लिहिलेल्या टाइप २ पेक्षा ‘१२.५’ लिहिलेला टाइप १ वीजपुरवठा इमारतीत शिरतो त्या जागी अधिक योग्य ठरतो.

त्याहून मोठी उणीव अशी, की या सल्ल्यात संरक्षण पातळीचा, म्हणजे सर्जच्या वेळी प्रोटेक्टरच्या टोकांवर किती व्होल्टेज शिल्लक राहते याचा, उल्लेखच नसतो. २३० व्होल्टवर चालणारी सामान्य घरगुती उपकरणे २.५ किलोव्होल्टपर्यंतचा आवेग सोसतील अशी, तर संवेदनशील इलेक्ट्रॉनिक उपकरणे १.५ किलोव्होल्टच गृहीत धरून बनवलेली असतात. शिवाय जोडणीच्या वायरचाही वाटा असतो: सर्जचा प्रवाह इतक्या वेगाने चढतो, की दर मीटर वायरवर ढोबळमानाने १,००० व्होल्ट पडतात. म्हणजे १.५ किलोव्होल्टचा उत्तम प्रोटेक्टर मीटरभर वायरने जोडला, तर उपकरणापर्यंत २.५ किलोव्होल्ट पोहोचतात आणि सुरक्षेसाठी राखलेले सारे अंतर संपते. फेजकडची आणि अर्थिंगकडची वायर मिळून अर्ध्या मीटरच्या आत ठेवावी, असे मानक सांगते ते याचसाठी. बोर्डात जागा नाही म्हणून वायरची वेटोळी करून ठेवणे मला अक्षम्य वाटते.

मुख्य बोर्डातला एकच प्रोटेक्टर पुरतो, हेही सरसकट खरे नाही. तिथून उपकरणापर्यंतची वायर साधारण १० मीटरपेक्षा लांब असेल, तर तरंगाच्या परावर्तनामुळे दूरच्या टोकाला व्होल्टेज पुन्हा वाढू शकते, आणि तिथे पहिल्याशी मेळ असलेला दुसरा प्रोटेक्टर लागतो.

राहिला “व्होल्टेज वाढो” हा दावा, जो सर्वांत धोकादायक आहे. थ्री-फेज पुरवठ्याची न्यूट्रल (परतीची) वायर तुटल्यावर फेजवर ४०० व्होल्टच्या जवळपास व्होल्टेज येऊ शकते आणि ते मिनिटेच्या मिनिटे टिकते. मायक्रोसेकंदांसाठी बनवलेला, सतत जास्तीत जास्त २७५ व्होल्ट सोसणारा व्हॅरिस्टर (प्रोटेक्टरमधला सर्ज वळवणारा घटक) अशा वेळी तापत जातो, आणि त्याचे औष्णिक विलगक, म्हणजे तापल्यावर जोडणी तोडणारा भाग, चालले तर तो परिपथातून बाहेर पडतो. उपकरणांना मात्र वाढलेले व्होल्टेज मिळतच राहते. त्यासाठी पुरवठा तोडणारा ओव्हरव्होल्टेज रिले स्वतंत्रपणे बसवावा लागतो, आणि अशा प्रसंगानंतर प्रोटेक्टरची दर्शक खिडकी पाहून, ती लाल झाली असल्यास कार्ट्रिज (प्रोटेक्टरचा काढून बदलता येणारा भाग) लगेच बदलावे लागते.